ओ सर, स्टँड!

बिलोली तालुक्यात मोटारसायकल चालवणारा माणूस कधी एकटा नसतो. घरून निघून कुंडलवाडीच्या रस्त्याला लागेपर्यंत निदान तीन-चार जण त्याच्या गाडीची विचारपूस करतात, आणि तीही धावत्या गाडीची. ‘मागचं चाक बसलंय बघा’, ‘बाईंचा पदर सांभाळा’, ‘पिशवी सायलेन्सरला लागूलाली’. आणि या सगळ्यांत जुनी, सगळ्यांत लाडकी हाळी म्हणजे ‘ओ सर, स्टँड!’ समोरून येणारा अनोळखी माणूस जीव खाऊन ओरडतो, आपण टाच मारून साईड स्टँड वर घेतो, तो पुढे निघून जातो. ना आभार, ना ओळखपाळख. येसगीचा पूल ओलांडून मांजरेपलीकडे गेलं की हीच हाळी तेलुगूत येते आणि बिलोलीच्याच जुन्या गल्ल्यांत दख्खनीत. अर्थ सगळीकडे एकच. बाबा रे, तुझा स्टँड खाली राहिलाय, मरशील.

या परोपकाराचा अतिरेकही होतो. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप पेटतो. तो बंद करायचं बटणच गाडीला नसतं. दिवसाही समोरच्याला दुचाकी ठळक दिसावी, एवढाच त्यामागचा हेतू. इतकी वर्षं झाली, पण आमच्या रस्त्यांवर अजून भर दुपारी समोरचा माणूस पाचही बोटं मिटून-उघडून दाखवतो. लाईट चालू राहिलाय! मी विज्ञानाचा शिक्षक. कुणाचा गैरसमज तसाच राहू देणं माझ्या स्वभावात नाही. सुरुवातीला मी गाडी थांबवून समजावून सांगत असे. एकदा शंकरनगरच्या अलीकडे एका गृहस्थांना मी तो नियम, त्याचा हेतू आणि मानवी डोळ्याचं कार्य, असं सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते समदं खरं हाय सर. पण बॅटरी उतरंल.”

त्या दिवसापासून मी धोरण बदललं. रस्त्यावर कुणी काहीही खूण केली तरी नुसती मान हलवायची, जरा हसायचं आणि पुढे जायचं. हे धोरण लक्षात ठेवा. पुढे ते माझ्या अंगावर आलं.

गाडी मी मेहुण्यांकडून घेतली. ते लातूरला असतात. गाडीचा नंबर एमएच २४, मॉडेल २०२१ चं. फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या घेतल्या, बहिणीच्या संसारातून वाहन जातंय म्हणून हिनं दोन्हीकडून पेढे वाटले, फॉर्म कपाटात साड्यांच्या खाली ठेवले. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात कंपनीची बाजू माझ्यापेक्षा बरी ठरली, तरीही नाही.

पहिला पावसाळा संपत आला आणि गाडी रुसायला लागली. न्यूट्रलमध्ये उभी असताना इंजिन झकास चाले. पहिला गियर टाकला की गप्प. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा स्टार्टर, पुन्हा झकास. पुन्हा गियर, पुन्हा गप्प. कधी दहा मिनिटं अजिबात निघायची नाही, तर कधी आपली आपण निघायची आणि पुढच्या खड्ड्यात आदळली की चालता चालता मान टाकायची. आणि आमच्याकडे पुढचा खड्डा फार लांब कधीच नसतो. मागून मांजरेची रेती भरलेला टिप्पर येतोय आणि आपली गाडी रस्त्याच्या मधोमध मौन धरून उभी आहे, हा अनुभव घेतलेल्या माणसाला अध्यात्माची वेगळी पुस्तकं वाचावी लागत नाहीत.

मग मिस्त्री सुरू झाले. गाडी बंद पडली की गर्दीतला प्रत्येक जण मिस्त्री असतो, पण मी म्हणतोय ते दुकान असलेले मिस्त्री. पहिल्यानं प्लग काढला, दातांनी फुंकर मारल्यासारखं केलं, पॅन्टीला पुसला आणि बसवला. दुसऱ्यानं टाकीत पाणी गेल्याचं निदान करून पेट्रोल बाटलीत काढलं, उन्हात धरून बघितलं आणि ‘हे पंपावालं काही खरं नाही’ असं म्हणून परत ओतलं. तिसरा वयानं मोठा होता, राजदूत आणि येझदीच्या जमान्यातला. तो म्हणाला, “कार्बोरेटर खोलावा लागंल.” आता १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर जाऊन तिथं इंजेक्शन आलं, हे मी वाचलेलं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला मध्येच कसं तोडायचं? त्यानं टाकी उचलली, सीट काढली, मला बॅटरी धरायला सांगितली आणि आम्ही दोघांनी मिळून बराच वेळ कार्बोरेटर शोधला. शेवटी तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, “सर, कंपनीनं बसविलाच नाही. तक्रार करा.”

या तिघांच्याही दुकानात गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये तपासली गेली. तिथं ती कधी बंद पडली नाही. मिस्त्र्यांनी ॲक्सिलरेटर पिळून माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी वर्गात ‘गृहपाठ घरी राहिला’ म्हणणाऱ्या मुलाकडे पाहताना वापरतो.

शेवटी गाडीचं दुखणं ओळखलं ते माझ्याच हाताखालून गेलेल्या एका मुलानं. गेला म्हणजे पुढे गेला असं नव्हे. विज्ञानातच राहिला होता. आता रस्त्याकडेला टपरी टाकून पंक्चर, सर्व्हिसिंग करतो. त्यानं गाडीवर बसून गियर टाकला, गाडी बंद पडली, खाली वाकून त्यानं साईड स्टँडच्या सांध्याशी बोट नेलं आणि म्हणाला, “सर, स्टँडचा सेन्सर गेलाय. परिपथ खंडित झालाय.”

“काय?”

“परिपथ, सर. परिपथ खंडित झाला की विद्युतधारा वाहत नाही. तुम्हीच शिकवलेलं हाय.”

ते मी दरवर्षी शिकवतो. दोन घट, एक बल्ब, एक स्विच, फळ्यावर आकृती. त्या आकृतीतला स्विच एके दिवशी माझ्याच पायाखाली बसवलेला असेल, हे पाठ्यपुस्तकात दिलेलं नव्हतं.

प्रकरण साधं आहे. साईड स्टँड डाव्या बाजूला असतो. तो खाली ठेवून गाडी निघाली आणि डावीकडच्या वळणावर झुकली, तर स्टँडचं टोक रस्त्यात रुततं, गाडी त्या टोकावर उचलली जाते आणि चालवणारा जातो पुढे, गाडीविना. यावर उपाय म्हणून अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत स्टँडच्या मुळाशी अंगठ्याएवढा स्विच असतो. स्टँड खाली असताना गियर टाकला तर तो इंजिन बंद करतो. म्हणजे जे काम आमच्याकडे रस्त्यावरचे अनोळखी लोक गळा ताणून फुकट करतात, तेच काम. माझ्या गाडीच्या स्विचला स्टँड वर घेतलेला कळतच नव्हता. त्याच्या लेखी स्टँड कायमचा खाली होता, आणि तो बिचारा आपलं कर्तव्य करत होता.

“नवा मागवावा लागंल, नाहीतर डायरेक्ट करू,” पोरगा म्हणाला. डायरेक्ट करणे हे आमच्या भागातलं सर्वमान्य तंत्रज्ञान आहे. त्यानं दोन वायरी सोलल्या, एकमेकींना पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि म्हणाला, “आता कवाच बंद पडणार नाही.” गुरू म्हणून मजुरी घेतली नाही, टेपचे तेवढे घेतले.

खरोखर गाडी त्यानंतर बंद पडली नाही. पडलो तो मी.

दिवस सोयाबीन काढणीचे. मळणी झालेलं सोयाबीन वाळवायला निम्म्या रस्त्यावर पसरलेलं, कडेनं दगडं लावलेली. शाळा सुटली, मी हेल्मेट घातलं, गाडी काढली आणि निघालो. गाडी विनातक्रार निघाली, कारण तक्रार करणाऱ्याचं तोंड आम्ही टेपनं बंद केलेलं होतं. स्टँड खालीच होता. पहिल्याच वस्तीपाशी एक जण ओरडला. हेल्मेटमध्ये नुसतं ‘ओ सर’ ऐकू आलं. मी मान हलवून हसलो. पुढे पारावरच्या दोघांनी हात केले. मी त्यांनाही मान दिली. गावात माझ्याविषयी आदर वाढत चाललाय, असा एक विचार मनाला चाटून गेला. एका पोरानं तर सायकल माझ्या बाजूनं दामटत हात जोरजोरानं खाली-वर करून दाखवला. मी त्याला ‘अभ्यास कर’ अशी खूण केली. मग रस्त्याकडेला सोयाबीन पाखडत बसलेली एक मावशी उभी राहिली, दोन्ही हात वर करून धावत पुढे आली. मी तिला नमस्कार केला.

पुढे डावं वळण होतं.

आवाज आधी आला, खर्रर्र असा. मग हँडल हातातून निघालं. वेग फार नव्हता, आणि जमीन फार कठीणही नव्हती, कारण मी थेट मावशीच्या सोयाबीनमध्ये गेलो. गाडी रस्त्यावर, चाक फिरतंय, आणि आश्चर्य म्हणजे इंजिन चालू. पोरानं शब्द पाळला होता.

“लागलं का?” असं कुणी विचारायच्या आत मावशी माझ्यापर्यंत पोचली होती. “कवाधरनं वरडूलाले मी, स्टँड, स्टँड! कान हायत का नाहीत?”

“हेल्मेट होतं, मावशी. ऐकू आलं नाही.”

“मग मुंडी कामून हलवलाव?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं, आजही नाही. तोवर शाळेतली पोरं जमली होती. गुडघ्याला रुमाल बांधून मी त्यांच्यासोबत रस्त्यावरचं सोयाबीन गोळा करायला बसलो. मावशी पायलीनं मोजणार असल्यासारखी उभी राहून बघत होती. माझ्या शर्टाच्या खिशात गेलेले दाणेसुद्धा तिनं मोजून नाही, पण मागून घेतले.

एक गोष्ट मात्र हेल्मेटच्या बाजूनं लिहिली पाहिजे. घरी येऊन ते काढलं तेव्हा डाव्या कानशिलापासून हनुवटीपर्यंत त्यावर एक पांढरी, खोल रेघ उमटलेली होती. सोयाबीनच्या कडेला लावलेल्या दगडाची. मी ते घेतलं होतं हजार रुपयांच्या दंडाला भिऊन, आणि आयएसआयचा शिक्का बघून घेतलं तेही १ जून २०२१ पासून बिनशिक्क्याची हेल्मेटं विकायला बंदी आली म्हणून. रस्त्यावर अजून ती मिळतात, आणि वजनानं इतकी हलकी असतात की वाऱ्यावर उडून जावीत. सरकारी आकडेवारी सांगते की २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक दुचाकी अपघातांत गेले, आणि त्यातले चौदा हजारांवर मागे बसलेले होते. त्या रेघेवर बोट फिरवताना मला ऐकू न आलेल्या हाळीबद्दल फारशी तक्रार उरली नाही. हेल्मेट घालूनही ऐकू येतं. ऐकायची इच्छा लागते.

पण तक्रार कुणाविरुद्ध तरी हवीच होती. गुडघा सुजलेला, रजा टाकलेली, हातात मोबाइल. मी वाचायला लागलो, आणि काय सांगू, इतकं सुखद वाचन मी कित्येक दिवसांत केलं नव्हतं. मोठमोठ्या कंपन्या आपल्या गाड्या दोष सापडला म्हणून परत बोलावतात! मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डनं २,३६,९६६ मोटारसायकली इग्निशन कॉइलमधल्या दोषासाठी बोलावल्या. त्याच वर्षी डिसेंबरात मागच्या ब्रेकच्या एका भागासाठी २६,३०० क्लासिक ३५०. त्याआधी २०१९ मध्ये ब्रेक कॅलिपरच्या बोल्टसाठी सात हजारांच्या आसपास बुलेट. फेब्रुवारी २०२४ मध्ये यामाहानं ब्रेक लिव्हरसाठी सुमारे तीन लाख स्कूटर, आणि त्याच वर्षी जुलैत सुझुकीनं इग्निशन कॉइलच्या एका वायरीसाठी ३,८८,४११ स्कूटर. जवळपास चार लाख! एवढ्यांत माझी एक सहज बसली असती.

पुढचं वाचन त्याहून गोड निघालं. वाहन उत्पादकांच्या संघटनेनं २०१२ मध्ये स्वखुशीनं गाड्या परत बोलावण्याची आचारसंहिता आणली. तोवर सगळा मामला कंपनीच्या मर्जीवर. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा सुधारला, त्यात कलम ११०ए आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल आणि पुरेशा मालकांनी तक्रारी केल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. दुरुस्ती कंपनीच्या खर्चानं, आणि दंड एक कोटी रुपयांपर्यंत.

“एक कोटी!” मी मोठ्यानं वाचलं.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “कुणाला मिळणार?”

“सरकारला.”

“मग तुम्ही कामून हसूलालाव?”

तरी मी अर्ज लिहिला. तीन पानं, समास सोडून. ‘सदोष सेन्सरमुळे एका जबाबदार शिक्षकास भररस्त्यात’ इथून सुरुवात, जनहित, कलमाचा आकडा, वर दिलेल्या सगळ्या कंपन्यांची उदाहरणं, आणि शेवटी ‘अन्यथा’. अन्यथाच्या पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही म्हणून तिथं टिंबं दिली. शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला. एका सहकाऱ्यानं ‘अन्यथा’ फारच प्रभावी झालाय असं सांगितलं. टेपचा उल्लेख अर्जात नव्हता. तो अनावश्यक तपशील वाटला.

मग गाडी घेऊन नांदेडला गेलो. नरसी, नायगाव करत जाताना स्टँड वर आहे का हे मी इतक्या वेळा वाकून बघितलं की मागून येणाऱ्या दोघांनी काही हरवलंय का म्हणून विचारलं. सर्व्हिस सेंटरवर चासी नंबर मागितला. तो गाडीच्या गळ्यापाशी, हँडलखाली कोरलेला असतो, सतरा अक्षरं-आकड्यांचा. माझ्या गाडीवर तिथं सतरा थर होते. रुमालानं पुसून, थुंकी लावून मी तो वाचून दाखवला. काउंटरवरच्या मुलानं संगणकात टाकला, हसून वर बघितलं आणि मला मेहुण्यांच्या आडनावानं नमस्कार केला.

“सर, तुमच्या गाडीला कोणताही रिकॉल नाही.”

मी खिशातल्या तीन पानांवर हात ठेवला. “नीट बघा. स्टँडचा सेन्सर सदोष आहे.”

गाडी आत नेली. एका पोरानं पाण्याचा फवारा स्टँडच्या सांध्यावर धरला. आधी गढूळ पाणी आलं, मग काळ्या मातीचा एक गोळा टपकन खाली पडला. लिंबाएवढा असेल. पोरानं पायानं तो फोडला. आत सोयाबीनचं भूस, सुतळीचा तुकडा आणि दोन बारीक खडे होते. आमची काळी माती ओली असताना जिथं चिकटते तिथं वाळून दगड होते, हे मी भूगोलाच्या बाईंच्या रजेच्या तासालाही शिकवलेलं आहे. त्यानं टेप काढली, वायरी पूर्ववत जोडल्या, गियर टाकला. स्टँड वर, गाडी चालू. स्टँड खाली, गाडी बंद. सेन्सरला काहीही झालेलं नव्हतं. कधीच झालेलं नव्हतं.

“ही वायर कुणी डायरेक्ट केली?” त्यानं टेप बोटावर धरून विचारलं.

“माझ्या एका विद्यार्थ्यानं.”

“असल्याला शिकवतं कोण?”

मी पाणी मागितलं. बिल करताना काउंटरवरच्या मुलानं नम्रपणे विचारलं, काही तक्रार आहे का सर? मी नाही म्हणालो. तीन पानं नायगावला चहाच्या टपरीवर भज्यांच्या कामी आली, ‘अन्यथा’ तेवढं तेलात छान दिसत होतं.

निघताना मात्र त्या मुलानं एक गोष्ट सांगितली, आणि या सगळ्या प्रकरणात कामाची म्हणावी अशी तीच एक. उद्या खरोखर या मॉडेलमध्ये ब्रेकचा किंवा कशाचा दोष निघाला, तर कंपनीचा निरोप नोंदवलेल्या मालकाच्या मोबाइलवर आणि पत्त्यावर जाणार. म्हणजे लातूरला. मी तिथूनच मेहुण्यांना फोन लावला. कंपनीचे मेसेज येतात का हो?

“येतात की,” ते म्हणाले. “मोफत तपासणी करून घ्या, इथं दाबा, तिथं दाबा. मी उघडतसुद्धा नाही. दाबलं की खातं साफ. आले की उडवतो.”

“त्यात एखादा परत बोलावल्याचा असेल तर?”

“असंल. पण गाडी तर तुमच्याकडं हाय.”

आमच्याकडे अशा गाड्या घरोघर आहेत. विकणारा सही करून मोकळा, घेणारा चावी घेऊन मोकळा, आणि कागदोपत्री गाडी अजून पहिल्याच मालकाच्या अंगणात. कायद्यानं घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं. सुटा झालेला बोल्ट, तुटू शकणारा लिव्हर, चिरलेली वायर कंपनीला सापडली, ती फुकट बदलायलाही तयार झाली, तरी तिचा निरोप एखाद्या मेहुण्याच्या मोबाइलमध्ये उडवला जातो. रस्त्यावरच्या माणसाला खाली राहिलेला स्टँड दिसतो, बोल्ट दिसत नाही. तो ओरडून सांगू शकत नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच. तुमची गाडी मेहुण्याच्या, चुलत्याच्या किंवा कधीकाळी पुण्याला गेलेल्या मित्राच्या नावावर असेल, तर चासी नंबर पुसून वाचा, कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, आणि कपाटातले फॉर्म २९ आणि ३० बाहेर काढा. माझे काढले. साड्यांखाली राहून सह्यांवर अत्तराचा डाग पडलाय, म्हणून मेहुण्यांना पुन्हा सह्या करायला सांगितलंय. ते म्हणतात, आधी मेसेज करून कळवा.